गोंगाटाचा आकडा

राजूर, ता. अकोले
नोव्हेंबर २०२५

प्रिय रंगनाथ,

पाकीट बघून तू आधी ते उलटंसुलटं करशील, मग चष्मा पुसशील आणि मग तुषारला विचारशील, शाम्याचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. दर शनिवारी ज्याचा ईमेल न चुकता येतो त्या माणसाला हे पोस्टाचं खूळ कुठून सुचलं! काल पोस्टात चौकशीला गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, आत पेढे न्हाईत ना? तिकडचे लोक खायचं काय बी आत घेत न्हाईत.’ मी म्हटलं, नुसते कागद आहेत. अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच. ते असं का झालंय ते पुढे येईलच, पण मला तिथपर्यंत पोचायला जरा वेळ लागणार आहे. फोन केला असता तर ‘सगळं झकास’ म्हणून मी पुन्हा मोकळा झालो असतो. माझी मला आता चांगली ओळख पटली आहे.

आधी इकडची खबर. भातं कापून झाली, खाचरांत नुसती खोडं उभी आहेत. सुचित्राचा गुडघा कुरकुरतो. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी कुणाच्या तरी पोरांवर ओरडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही, आणि पोरं नसली तर मी आहेच. नगरचं अहिल्यानगर झालं, पण एसटीचा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो आणि लोक बरोबर त्याच गाडीत चढतात. शेजारच्या बजरंगनं विहिरीवर सोलर पंप बसवला, हे तर तुला माझ्या ईमेलांमधून पाठच झालं असेल. त्या पंपाविषयी मला बोलायचंच आहे, पण त्याआधी आपल्या रविवारांविषयी.

सीमावहिनी गेल्यावर तू तुषारकडे मेलबर्नला निघालास, तेव्हा तुझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा तारा जास्त होत्या आणि मोर्सचा तो पितळी खटका तू हातातल्या पिशवीत घेतला होतास. आपलं ठरलं होतं, रविवार चुकवायचा नाही. फोनवर आपण दोघंही ठोंबे. ‘बरा आहेस ना?’, ‘हो, तू?’, ‘मीपण’, यापुढे आपली गाडी सरकत नाही. नगरच्या तारघरात शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं दुसऱ्यांची लग्नं नि मयतं ठोकली, त्याचा हा परिणाम. तार बंद पडली, आपल्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना होताच, आणि जन्मभर दुसऱ्यांचं बोलणारे आपण घरात रेडिओ मांडून स्वतःचं बोलायला लागलो. रविवारी दुपारी इथे चहाची वेळ, तिकडे तुमची रात्रीची जेवणं उरकलेली. आकाशातल्या कुठल्याशा थरावर आपटत आपटत तुझा हात, म्हणजे तुझी ठोकायची ढब, माझ्या कानापर्यंत यायची. दुसऱ्या कुणी ऐकलं तर नुसतं टूंटूं. मला मात्र शेवटची रेघ जरा लांबवणारा आणि घाईत असला की दोन शब्द एकमेकांना चिकटवणारा रंगनाथ समोर दिसायचा. सुनेनं केलेल्या पास्त्यापासून सीमावहिनींच्या पहिल्या स्मृतिदिनाला आपण काहीच कसं केलं नाही इथपर्यंत सगळं तू मला त्या खटक्यावर सांगितलंस. फोनवर यातलं एक वाक्यही बोलला नसतास.

बँड कधी उघडणार, म्हणजे तुझ्यामाझ्यातली वाट कोणत्या वेळी मोकळी असणार, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे होतं, कारण तुला संगणकाच्या त्या काळ्या पडद्याचा कंटाळा. मला तोच आवडतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, हुकूम टाइप करायचा आणि एंटर मारायचं. प्रोग्रामला आधी एक फाईल लिहून द्यावी लागते. महिना कोणता, सूर्यावर डाग किती, राजूर कुठे नि मेलबर्न कुठे, रेडिओची ताकद किती, अँटेना कसा, आजूबाजूला विजेचा गोंगाट किती आणि आवाज किती स्वच्छ हवा. प्रत्येक आकडा ओळीतल्या ठरलेल्या घरातच बसला पाहिजे. एक घर इकडेतिकडे झालं की राजूर थेट समुद्रात. तारेचे फॉर्म भरण्यात ज्याची हयात गेली त्याला हे आवडलं नाही तरच नवल. मग तो तासागणिक सांगतो, अमुक वाजता एकवीस मेगाहर्ट्झवर बोलणं जमेल, महिन्यातल्या तीसपैकी इतके दिवस. आजचं भविष्य तो सांगत नाही, महिन्याचा कल सांगतो, आणि तोही तुम्ही खरं सांगाल तेवढाच. ते आकडे मी शनिवारी तुला पाठवायचो आणि तू डोळे मिटून त्यावर बसायचास. ‘शाम्या म्हणतो उघडणार, म्हणजे उघडणारच,’ असं एकदा तू ठोकलं होतंस. हे वाक्य मला हल्ली फार टोचतं.

आता हाताकडे येतो. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी उटणं कालवत होतो आणि सुचित्रा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, वाटी कशाला वाजवताय?’ मी वाजवत नव्हतो. उजवा हात आपला आपणच तिच्यावर वाजत होता. संगमनेरच्या डॉक्टरांनी मला चालवून बघितलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ओळ सुरू झाली तेव्हा अक्षर माझं होतं, संपली तेव्हा मुंगीचं. कंपवात. गोळ्या चालू आहेत, जेवणखाण माझं मी करतो, घाबरण्यासारखं काही नाही. पण घरी येऊन खटक्यावर बसलो आणि कळलं, की चार टिंबं मारायला जावं तर पाच पडतात आणि रेघ मध्येच तुटते. रंगनाथ, तारघरात माझ्या हाताला छापील हात म्हणायचे. पुण्याचे लोक लाइनवर विचारायचे, शामकांत बसलाय का, मग पाठवतो. मला दुसरी कुठली हुशारी नव्हती. ना गाता गळा, ना व्यवहार. आणि तू तर असला पक्का, की माझ्या अंगात कणकण आहे हे तीन शब्दांत ओळखून शेजारच्या टेबलावरून चहा पुढे सरकवायचास. तुझ्यासमोर हा हात काढायचा म्हणजे भर पंगतीत धोतर सुटण्यासारखं वाटलं मला.

म्हणून शक्कल काढली. संगणकावर मजकूर टाइप केला की तोच मोर्स ठोकतो, एकसारखं, घोटीव, कुठे खोट काढायला जागा नाही. एका रविवारी मी तसं केलं. तुला आठवत असेलच. तू दोन वाक्यं ऐकलीस आणि विचारलंस, ‘कोण बसलंय? शामकांतला बोलवा.’ मी तिथल्या तिथे रेडिओ बंद केला. नंतर फोनवर तू चिडून म्हणालास, कुणीतरी भामटा तुझ्या नावावर बोलतोय, सरकारला कळव. मी म्हटलं, कळवतो. खरं सांगायची ती सरळ संधी होती. मी ती घालवली, पुढचे रविवार पाहुण्यांच्या नि तापाच्या सबबींवर काढले आणि इथून पुढे घसरतच गेलो.

त्यानंतरच्या मे महिन्यात सूर्यावर ते मोठं वादळ झालं. लडाखमध्ये आकाश लाल झालं म्हणून पेपरात फोटो आले होते. तो रविवार खरोखरच मेलेला होता, सगळीकडे नुसती खरखर. मी तुला खरं तेच कळवलं, बँड बंद. आणि काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं की मी सुचित्राकडे जाऊन दुसरा चहा मागितला. पुढच्या शनिवारपर्यंत आकाश निवळलं होतं. मी फाईल उघडली आणि आवाज किती स्वच्छ हवा, त्या आकड्याला हात घातला. मोर्सला आवाज फारसा स्वच्छ लागत नाही, खरखरीतूनही तो वेचता येतो, हे तुला सांगायला नको. मी तिथे रेडिओवरच्या बातम्यांना लागेल एवढा स्वच्छ आवाज मागितला. प्रोग्राम बिचारा सरळ. म्हणाला, जमणार नाही. मी मनाला समजावलं, यात खोटं काही नाही, आपण फक्त मागणी वाढवली. पण सूर्य ऐन भरात होता, तेवढ्यानं भागेना, एखादा तास उघडा राहायचाच. मग मी गोंगाटाचा आकडा बदलला. राजूरला, जिथे पावसाळ्यात बेडूक सोडून कुणी मोठ्यानं बोलत नाही, तिथे मी कारखान्याशेजारचा गोंगाट भरला. आणि हा गोंगाट एकाएकी आला कुठून, असं तू विचारणार, म्हणून बजरंगचा नवा पंप पुढे केला.

त्या पंपाचा आवाज माझ्या रेडिओत मुळीच येत नाही. एवढं लिहायला मला दीड वर्ष लागलं.

आणि तू काय केलंस? वैतागून गप्प बसायचं सोडून तू तिकडून पार्सल पाठवलंस. तारेवर चढवायच्या त्या काळ्या रिंगा, विजेचा गोंगाट अडवणाऱ्या, आणि सोबत तुझ्या हातानं काढलेलं चित्र, कुठल्या तारेला कुठे बसवायच्या त्याचं. मी त्या रिंगा कपाटात ढकलणार होतो, पण पार्सल आलं तेव्हा बजरंग ओट्यावरच होता. चित्र बघून म्हणाला, ‘एवढ्या लांबून तुमच्या दोस्तानं धाडल्यात, मंग बसवू की. आमच्या पंपापायी तुमचं बोलनं तुटत आसंल तर रईवारी दुपारच्याला मी तो बंदच ठिवीत जाईन. पानी काय, सोमवारी बी देता येतं.’ स्वतः चढून त्यानं रिंगा बसवल्या. तेव्हापासून रविवारी दुपारी त्याचा पंप बंद असतो. उन्हाळ्यात टोमॅटो माना टाकत होते तरी बंद. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारतो, ‘लागलं का वं काका?’ मी मान हलवतो, नाही रे. तो बिचारा पंपाकडेच रागानं बघतो. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

घरात वेगळंच नाटक. सुचित्राला हात माहीत आहे, हे माहीत नाही. मी दर रविवारी खोलीत जाऊन बसतो म्हणजे तुझ्याशी बोलत असणार अशी तिची समजूत. बाहेर आलो की विचारते, ‘काय म्हणाले रंगनाथभाऊजी?’ मग मी तुझ्या बातम्या रचतो. तुझ्याकडे कडाक्याची थंडी पाडली, तुझ्या नातवाला शाळेत बक्षीस दिलं. एकदा काही सुचेना म्हणून तुझी दाढ दुखवली, तर तिनं लवंगतेल पाठवायचा घाट घातला. ते थांबवायला मला पुढच्या रविवारी ती दाढ काढून टाकावी लागली. हसू नकोस. किंवा हस, तेवढंच मला बरं वाटेल.

याहून वाईट ते पुढे आहे. मी रेडिओ बंद ठेवून बसत नव्हतो. हेडफोन कानाला लावून बसायचो, आणि तू यायचास. बँड बंद आहे असं मी कळवलेलं असूनही यायचास. माझं नाव पुकारायचास, थांबायचास, पुन्हा पुकारायचास. खणखणीत यायचास रे, काय सांगू तुला, जसा शेजारच्या टेबलावर. मी हात मांडीखाली दाबून बसायचो. एकदा खटक्यापर्यंत नेलाही होता, पण तो आपणच टकटक करायला लागला आणि मी तो चोरासारखा मागे घेतला. तू पुकारून पुकारून थांबलास की मी हेडफोन काढायचो आणि ईमेल लिहायचो, ‘आजही काही नाही. पंपाचं काहीतरी करायला हवं.’

आणि या वर्षीची चौदा एप्रिल. त्या दिवशी वार कोणताही असो, तू पहिला शब्द ‘जयभीम’ ठोकणार आणि मी उलट ‘जयभीम’ ठोकणार, मग तू तुझ्या आईची, भिमाबाईंची, काहीतरी आठवण सांगणार, छप्पन साली दीक्षेला नेसलेल्या त्या लुगड्याचं त्यांनी काय केलं वगैरे, दर वर्षी तीच आणि दर वर्षी थोडी वाढलेली. तारघरापासूनचा हा आपला रिवाज. तिथे या शब्दाला उत्तर न देता फाईलीत तोंड घालणारे लोक होते, ते तुलाही माहीत आहेत आणि मलाही. मी त्यांच्यातला नाही, याचा मला मनातून केवढा अभिमान. यंदा तू आलास. ‘जयभीम शाम्या.’ थांबलास. पुन्हा तेच. पुन्हा थांबलास. मी सगळं ऐकलं आणि एक शब्द परत केला नाही. हात कसा दिसेल या एका काळजीपायी मी त्या फाईलीत तोंड घालणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलो. मला लाज वाटते, रंगनाथ. हाताची वाटत होती ती आता काहीच नाही, ही वाटते.

गेल्या आठवड्यात तुषारचा फोन आला. म्हणाला, ‘काका, बाबांनी रेडिओ, अँटेना आणि तो खटका, सगळं इथल्या क्लबला देऊन टाकायचं ठरवलंय. नाताळाच्या सुट्टीत लोक न्यायला येणार आहेत. तुम्ही एकदा बोलून बघा ना.’ मी विचारलं, का देतोय? तेव्हा त्यानं सांगितलं. तुला भारतातली बाकीची स्टेशनं पहिल्यापासून व्यवस्थित ऐकू येत होती. तू काळ्या पडद्याचा कंटाळा बाजूला ठेवून तो प्रोग्राम स्वतः शिकलास, स्वतः फाईल भरलीस, आणि माझ्या पंपाचा गोंगाट वगळून बघितलंस, तर वाट उघडी. म्हणजे मी खोटं बोलतोय हे तुला कधीच कळलं होतं. तरी तू पुकारत राहिलास. आणि त्याचा अर्थ तू काय लावलास? ‘बाबा म्हणतात, वयानं माझा हात गेलाय. शामकांतला ते ऐकवत नाही आणि मला तसं तोंडावर सांगणं त्याला जमत नाही, म्हणून तो बिचारा सूर्यावर नि पंपावर ढकलतो. त्याला आणखी त्रास कशाला द्यायचा.’ मी तुषारला नुसतं ‘बरं’ म्हणालो. त्या रविवारी मी बजरंगला पंप चालू ठेवायला सांगितलं आणि खटक्यावर बसलो, हातानं, संगणक न लावता. तुझं नाव ठोकलं. वेडंवाकडं, टिंबं सांडत, पण ठोकलं. पुन्हा ठोकलं. सुचित्रा दारात येऊन उभी राहिली तरी ठोकत राहिलो. दीड वर्षात पहिल्यांदाच तू आला नाहीस. तू यायचं सोडून दिलं आहेस हे मला तेव्हा कळलं, म्हणून हे पत्र. तुझा हात जसाच्या तसा आहे, शेवटच्या रेघेसकट. गेला तो माझा. रेडिओ कुणाला देऊ नकोस, रंगनाथ. मी आता दर रविवारी पुकारणार आहे.

तुझाच,
शाम्या